रविवारचं दूध

चिंचवड
८ सप्टेंबर १९७४

दादा,

नमस्कार करते. घ्यायचा तर घे, नाहीतर पत्र गोठ्यात टाक, म्हशी तरी वाचतील.

काल बाजारात तू मला बघितलंस. नाही म्हणू नकोस. मी भाजीवालीशी घासाघीस करत होते आणि तू सायकल हातात धरून पलीकडून गेलास. मान अशी वळवलीस, जसा काही त्या बाजूला कुस्त्यांचा फड लागला होता. भाजीवाली म्हणाली, "बाई, वांगी घ्या नाहीतर जा, रडताय कशाला?" मी तिला डोळ्यांत धूळ गेली म्हणाले. सख्ख्या भावानं ओळख दिली नाही हे काय तिला सांगायचं?

तुझ्या बाजूची गोष्ट साऱ्या माण गावाला पाठ झालेली आहे. कुसुमनं भावाचं, देवाचं दूध गटारात ओतायला लावलं. वहिनीच्या माहेरापर्यंत पोचली म्हणे. आता एकदा माझ्या बाजूची ऐक.

ओतायला डॉक्टरांनी लावलं. तेही दवाखान्याच्या अंगणात, पेशंटांचे नातेवाईक बघत असताना. ते चुकलंच. मी त्यांना नंतर तोंडावर सांगितलं, की थांबवायचं दूध होतं, त्यासाठी माणसाची अब्रू घ्यायची गरज नव्हती. पण त्या घटकेला मी तुझ्या शेजारी यायला हवं होतं आणि मी वॉर्डाच्या पायरीवर उभी राहिले. तुझा राग त्या पायरीचा आहे, हे मला कळतं.

आई दुष्काळाच्या वर्षी आमच्याच बायकांच्या वॉर्डात होती. तेव्हा दवाखान्यात पावडरीचं दूध यायचं, चुन्याच्या निवळीसारखं. शेवटपर्यंत ती घरच्या म्हशीचं घोटभर दूध मागत राहिली, आणि आपल्या म्हशी तेव्हा चाऱ्यावाचून आटलेल्या. ती गेली आणि तू ठरवलंस, की चार धारा मिळायला लागल्या की घरातलं रविवारचं दूध याच वॉर्डात द्यायचं. मला किती अभिमान वाटला होता तुझा! साऱ्या नर्सांना सांगत फिरले होते.

आणि रविवारच्या दुधाचं आपल्या घरचं बंधन मला का माहीत नाही? बुळकांडीत गुरं पटापट मेली तेव्हा पणजोबा गावदेव म्हातोबाला नवस बोलले होते. रविवारचं दूध विकायचं नाही, विरजायचं नाही, चुलीवर चढवायचं नाही, गरजवंताच्या तोंडी घालायचं. लहानपणी आपण दोघं तेच निरसं दूध प्यायलो, ओठांवर फेसाच्या मिशा काढून. पण दादा, मला वाटायचं की एकदा दवाखान्याच्या स्वयंपाकघरात गेलं की सगळंच दूध उकळतं. अंबूबाई रोजचं दूध दोनदा उकळते. रविवारी माझी सुट्टी, मी बघायला नसते. तू तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतंस, "ह्ये देवाचं हाय, आमच्यात याला विस्तव लावत न्हाईत." अंबूबाई पडली देवभोळी. तिनं हात जोडले आणि तसंच पेल्यांत ओतून वॉर्डात फिरवलं. तुझा हेतू चांगला, तिचा हेतू चांगला.

पावसाळ्यात सोमवार उजाडला की वॉर्डात जुलाब, उलट्या, ताप. आम्ही पाण्याची टाकी धुतली. माशांवर औषध मारलं. भेटायला येणाऱ्यांच्या डब्यांवर बंदी घातली, त्यावरून भांडणं झाली. शेवटी माझ्या लक्षात आलं की कोकणातली एक मृदुला नावाची पोरगी तेवढी दर वेळी ठणठणीत असते. तिला विचारलं, तर म्हणाली, "मला दुधाचा वासच नाय सहन होत सिस्टर, म्हशीच्या तर नायच नाय." तुझंच दूध, हे मला त्या क्षणी कळलं आणि मी डॉक्टरांकडे गेले. जायला नको होतं का? तूच सांग.

बाकी काळजीचं कारण नाही. बायका बऱ्या झाल्या. चिमाबाई, जिला तू स्वतः पेला धरून पाजायचास, तीही बरी होऊन चाकणला मुलाकडे गेली.

वहिनीला नमस्कार.

कुसुम


चिंचवड
२५ सप्टेंबर १९७४

दादा,

ज्ञानदेव सेकंड शिफ्टला जाताना येऊन गेला. तुझा पोरगा कंपनीत लागल्यापासून अंगानं भरला आहे, दृष्ट काढ त्याची. तुझं पत्र आणलं असेल म्हणून मी हात पुढे केला, तर त्यानं निरोप दिला, तोही तुझ्या आवाजात. "तिला म्हनावं, आमी सारं घर त्येच दूध पितो. आमाला न्हाई काय झालं. बामन डॉक्टर म्हनंल त्ये खरं, आन् भावाचं खोटं?"

डॉक्टर ब्राह्मण नाहीत. पण ते राहू दे.

पुण्याहून तपासणी आली. त्या रविवारी मी सुट्टी असूनही आले होते आणि डॉक्टरांनी ओतायच्या आधी बाटलीभर दूध काढून ठेवलं होतं. त्यात जे जंतू सापडले तेच आजारी बायकांच्या पोटात सापडले. कुठून आले असतील म्हणून मी ज्ञानदेवाला खोदून खोदून विचारलं. तो म्हणाला, "आत्या, पावसाळाभर रेडकाला हगवण लागली हुती. आबा त्याला मांडीवर घेऊन पाजत हुते."

आता बघ. पान्हा सुटायला तू आधी रेडकाला कासेला लावतोस. रेडकू तोंडानं, शेपटीनं, अंगानं सगळी कास माखतं. मग तू हात फिरवून धार काढतोस. ते दूध चरवीत, चरवी सायकलला, सायकल पुनावळ्यावरून चिखल तुडवत इथे. तोवर ऊन वर आलेलं. जंतूंना त्याहून काय हवं? एक उकळी आली असती तर सगळे मेले असते. तुझी म्हैस वाईट नाही, तू वाईट नाहीस, दूध पाणी घातलेलं नाही. एवढंच, की उकळलेलं नव्हतं.

आणि तुम्हाला काही झालं नाही म्हणतोस, तर धडधाकट माणूस बांधावरून पडला तरी धूळ झटकून उठतो. आजारी माणूस खाटेवरून पडला तरी हाड मोडतं. आमच्या वॉर्डातल्या बायका खाटेवरच्या आहेत, दादा.

ज्ञानदेव निघताना दारात थांबला आणि म्हणाला, "आबा इचारत हुते, चिमाबाईचा चाकनवरनं काय सांगावा?" मी चहाची भांडी उचलत होते. म्हटलं, बरी असेल, तिला कुठे लिहिता येतं. तू तरी त्या म्हातारीचं काय घेऊन बसलास? वॉर्डात अशा कितीतरी येतात आणि जातात.

गणपतीत तू आला नाहीस. हरिहर चेष्टेनं म्हणाले, "मेव्हणे रुसले, म्हणजे आता तुझ्या वाटणीचे मोदक मलाच." मी त्यांच्यावर इतकी भडकले की ते बिचारे ताट घेऊन बाहेर जाऊन बसले. नंतर मीच बाहेर गेले आणि शेजारी बसले. ते म्हणाले, "तू सांगून का टाकत नाहीस त्याला?" मी म्हटलं, काय सांगू?

पाऊस संपत आला. गोठ्याची गळती काढलीस का?

कुसुम


चिंचवड
११ ऑक्टोबर १९७४

दादा,

हे काय ऐकते मी?

भोसरीकडे नव्या कारखान्याचं बांधकाम चाललंय, तिथे मराठवाड्यातून आलेल्या मजुरांच्या झोपड्या आहेत. रविवारी तू तिथे जातोस, असं ज्ञानदेव म्हणाला. पोरं ओळीनं बसतात आणि तू चरवीतून पेला भरून एकेकाच्या तोंडाला लावतोस. ती पोरं तुला दूधआबा म्हणतात म्हणे. सांगताना ज्ञानदेवाला हसू येत होतं. मला आलं नाही.

दुष्काळात हाडं उरलेली पोरं आहेत ती, दादा. त्यांच्या अंगात काय आहे जंतूंशी झुंजायला? तुझी माया मी ओळखते, तुझ्याइतकी ओळखते. द्यायचं तर दे, रोज दे, पण उकळून दे. रविवारी म्हातोबाचं बंधन असेल तर सोमवारचं दे. माझ्यावरचा राग त्या पोरांवर काढू नकोस.

मी पाया पडते. ज्ञानदेवाकडे 'हो' एवढा निरोप दे.

कुसुम


चिंचवड
१३ ऑक्टोबर १९७४

दादा,

तुझा निरोप पोचला. ज्ञानदेव खाली बघून बोलत होता. मी त्याला म्हटलं, जसंच्या तसं सांग, तुझा बाप काय बोलला ते. तो म्हणाला, "आबा म्हनले, चिमाबाई सत्तरीची म्हातारी, ती सुदिक बरी हुन गेली ना? मंग? पोटं बिघडत्यात आन् दोन दिसांनी बरी हुत्यात. त्येच्यापायी देवाचं बोलनं मोडायचं? तिचं शास्त्र तिच्यापाशी राहू दे."

ज्ञानदेव गेला आणि मी स्वयंपाकघरात पाटावर बसून राहिले. दूध उतू गेलं तरी उठले नाही. हरिहर आले, त्यांनी स्टोव्ह बंद केला आणि म्हणाले, "आता लिही."

लिहिते.

चिमाबाई गेली, दादा. चाकणला गेली नाही. मेली. तू तिला शेवटचं पाजलंस त्यानंतरच्या बुधवारी.

सोमवारी सकाळी मी कामावर आले तेव्हा ती सारखी पाणी मागत होती. आम्ही सलाइन लावलं. तिच्या हाताच्या शिरा अशा बसल्या होत्या की सुई लागेना. मीच लावली, बाकी कुणाला जमलं नाही. मंगळवारी ताप चढला. ती मला तू समजून बोलत होती, तुला माणचा म्हणून मारायची तीच हाक मारून. "मानकर, आज लवकर आलासा," म्हणाली. मी म्हटलं, "हो चिमाबाई." काय म्हणणार? तिला दुसऱ्या आजारानं आणलं होतं, तो बरा होत आला होता, पुढच्या आठवड्यात घरी सोडणार होतो. ती तुझ्या दुधानं गेली. मी हे वाक्य मनात किती दिवस फिरवते आहे, त्याला कुठूनही मऊ करता येत नाही.

तुला खोटं का सांगितलं? कारण अंगणात चरवी उपडी झाली तेव्हा तुझा चेहरा मी बघितला होता. आई गेली तेव्हासुद्धा तो तसा झाला नव्हता. त्यावर हे सांगितलं असतं तर तू सायकल घेऊन घरी पोचला असतास की वाटेत कुठल्या विहिरीशी थांबला असतास, याची मला खात्री नव्हती. मग एकदा खोटं बोलले ते बोलले. तू विचारत राहिलास आणि मी विषय बदलत राहिले.

तिच्या मुलालाही मी खरं सांगितलं नाही. सयाजी त्याचं नाव, चाकणला राहतो, पिंपरीला कारखान्यात आहे. त्याला म्हटलं, म्हातारपण, हार्ट बंद पडलं. डॉक्टरांनाही ते बरं वाटलं, दवाखान्याचं नाव वाचलं. माझं कारण दवाखाना नव्हता. तू होतास.

आणि आता माझंच खोटं तू त्या पोरांच्या तोंडाला लावतो आहेस. चिमाबाई बरी झाली, म्हणून निरसं दूध चालतं. मी हे सहन करू शकत नाही. त्या झोपड्यांतलं एक पोर जरी गेलं तर ते तुझ्या हातून गेलं असं लोक म्हणतील, पण ते माझ्या हातून गेलेलं असेल.

मला ठाऊक आहे या पत्रानं काय होईल. आजवर तू माझ्यावर रागावलेला होतास, रागावलेला माणूस कधीतरी परत येतो. आता तुला माझं तोंडही बघवणार नाही. मला माहेर म्हणून एक तूच उरला होतास. तरी लिहिते आहे. ज्ञानदेवाच्या हाती देणार नाही, पोस्टात टाकते, म्हणजे तू एकट्यानं वाचशील.

शक्य झालं तर वहिनीला जवळ बसवून वाच.

कुसुम


चिंचवड
२० नोव्हेंबर १९७४

दादा,

महिना उलटला. मी लिहिलं नाही, कारण लिहायला तोंड नव्हतं. भाऊबीजेला पाट मांडला, रांगोळी काढली आणि दुपार टळेपर्यंत वाट बघितली. मग पाट उचलला. तक्रार म्हणून सांगत नाही, झालं ते सांगते.

तुझी खबर मला ज्ञानदेवाकडून लागत होती. पत्र आलं त्या दिवशी तू जेवला नाहीस, कुणाशी बोलला नाहीस. पुढच्या रविवारी धार काढून चरवी घेऊन घरात आलास आणि दूध चुलीवर चढवलंस. वहिनी घाबरली, म्हणाली, "अवो, आज आयतवार हाय." तू म्हणालास, "म्हातोबाला काय करायचं त्ये माझं करू दे." मग उकळलेलं दूध घेऊन तू झोपड्यांवर गेलास. ज्ञानदेव म्हणाला, "आत्या, घरात कुनी काय बोललं न्हाई. आबाच रडत हुते." मी त्याला म्हटलं, मला सांगायला हवं होतंस रे, मी आले असते. तो म्हणाला, "त्यांनी सांगू दिलं न्हाई."

आज हे पत्र लिहायला कारण वेगळं आहे. आज दुपारी सयाजी दवाखान्यात आला.

मशिनीत बोट सापडलं होतं, फार नाही. ड्रेसिंगच्या टेबलाशी तो बसला आणि मी समोर. तुला लिहिल्यापासून मी ठरवलं होतं, की हा माणूस भेटला की त्यालाही सांगायचं. रोज ठरवायचे आणि चाकणचा पत्ता असूनही जायला पाय निघत नव्हते. आज तो आपणहून समोर आला. मी म्हटलं, "सयाजी, तुझ्या आईबद्दल तुला एक सांगायचंय."

तो म्हणाला, "ठावं हाय मला, ताई. मानचे मालोजीराव आले हुते घरी. दिवाळीच्या आदी."

म्हणजे तू गेला होतास, दादा, आणि मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्यानं सांगितलं ते तुला माहीत आहे, तरी लिहिते, कारण मला ते कुणालातरी सांगायला हवं आणि तुझ्याशिवाय कुणाला सांगू? म्हणाला, "आले आन् ओट्याखालीच उभे राहिले. बसा म्हनलं, बसले न्हाईत. पानी दिलं, घेतलं न्हाई. म्हनले, 'तुझी आई माझ्या दुधानं गेली. म्या पाजलं तिला.' मला आदी कळंच ना. मंग कळलं तसा मी लई बोललो त्यांना, ताई. बायकोपोरांसमोर, शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर नको नको त्ये बोललो. बापाच्या वयाचा मानूस. खाली मान घालून सारं ऐकलं."

मी विचारलं, "मग?"

"मंग मी म्हनलो, आन् त्या सिस्टरबाई? मला म्हनल्या हार्ट बंद पडलं. त्यांनी का लपिवलं? तवा पहिल्यांदा त्यांनी मान वर केली. म्हनले, 'तिला बोल लावू नगंस. ती तुला त्याच दिवशी सांगनार हुती. म्याच तिला गळ्याची शपथ घातली. पाप माझं हाय, तिचं न्हाई.'"

दादा, कधी घातलीस तू मला शपथ? तू तर माझ्याशी बोलतही नव्हतास. चिमाबाई जिवंत आहे असं समजून तिची खुशाली विचारत होतास. मी तुला फसवलं, महिनाभर फसवलं, आणि तू चाकणला जाऊन त्या पोराच्या शिव्या खाल्ल्यास आणि वर माझा दोषही आपल्याच अंगावर ओढून घेतलास. ज्या बहिणीचं तोंड बघत नाहीस तिच्यासाठी. तुला खोटं बोलता येतं हेच मला आज कळलं. शाळेत मास्तरांच्या छडीपुढेही तुला कधी जमलं नव्हतं ते.

मला तसं गप्प राहता आलं असतं. सयाजीचा माझ्यावर राग उरला नव्हता, तू तो उतरवून घेतला होतास. पण नाही राहवलं. मी म्हटलं, "सयाजी, शपथ वगैरे काही नाही. माझ्या भावाला तेव्हा तुझी आई गेल्याचं माहीतच नव्हतं. मी त्याच्यापासून लपवलं आणि तुझ्यापासूनही. तो तुझ्याशी खोटं बोलला ते मला वाचवायला."

मला वाटलं, तो उठून जाईल, किंवा ओरडेल. तेही चाललं असतं. मग म्हणाला, "माझ्या आईला मरताना तरास झाला का, खरं सांगा." मी खरं सांगितलं. त्रास झाला. पण ती एकटी नव्हती, मी होते. ती तुझ्याशी बोलत होती हेही सांगितलं. त्यानं डोळे पुसले आणि जखमेचं बोट माझ्यापुढे केलं. म्हणाला, "बांधा आता." मी पट्टी बांधायला घेतली तर ती मला धड कापता येईना. त्यानं दुसऱ्या हातानं कात्री धरली आणि पट्टी कापून दिली.

जाताना म्हणाला, "मालोजीरावांना सांगा, मी जास्ती बोललो. पुन्यांदा आले तर पानी घेऊन जा म्हनावं." एवढाच निरोप आहे. त्यात जेवढं आहे तेवढंच समज, मीही तेवढंच समजले.

येत्या रविवारी सकाळच्या गाडीनं मी माणला येते आहे. मानपान नको, जेवायला करू नका. तुला बोलायचं नसेल तर बोलू नकोस, माझा त्यावर काही हक्क नाही. मी नुसती तुझ्याजवळ बसेन. आई गेली तेव्हा तू गोठ्यात एकटा रडलास आणि मी वॉर्डाच्या मोरीत एकटी रडले, आणि कामाला लागलो. चिमाबाईसाठीही आपण तेच केलं. आता निदान एकदा दोघांनी मिळून रडू.

तुझी
कुसुम